शून्याची कळच नाही, मग शून्य छापतं कोण?

अडत्या

मंडळी, जरा मदत हवी आहे.

मामांची सांगलीतली हळदीची अडत पेढी बंद होऊन दोन वर्षं झाली. गेल्या रविवारी माळा उतरवला तेव्हा पोत्यात गुंडाळलेलं एक धूड सापडलं. दोघांनी मिळून खाली आणलं. बरोज कंपनीचं हिशेबाचं यंत्र आहे. दोन्ही बाजूंना जाड काचा, उजव्या हाताला दांडा, समोर ८१ कळा. नऊ उभ्या रांगा, प्रत्येकीत १ ते ९. मामा म्हणतात, साठच्या दशकात मुंबईत कुठल्याशा लिलावात घेतलं. आकडे कमी छापले, गिऱ्हाइकावर छाप जास्त पडली.

रिबन वाळून कोळ झाली आहे, म्हणून कागदावर कार्बन पेपर ठेवून पाहिलं. छापतं! पण दोन गोष्टी कळत नाहीत.

एक, शून्याची कळ कुठेच नाही. तरी ३०० मांडून दांडा ओढला की ३.०० येतं (शेवटच्या दोन रांगा पैशांच्या, म्हणजे सेंटच्या, असाव्यात). हे शून्य कोण छापतं?

दोन, वरचं खोटं बोललो. ३.०० येत नाही, नुसतं ३ येतं. आणि ५.०७ मांडलं की ५, मग मोकळी जागा, मग ७. यंत्र बिघडलंय की मुळातच असं आहे?

---

मऊभात

फोटो टाका. फोटोशिवाय धागा फाऊल धरण्यात येतो.

---

चकलीकाठ

शून्य भारतीयांनी शोधलं म्हणून अमेरिकन कंपनीने कळ दिली नसेल. रॉयल्टी कोण भरणार? (हलकेच घ्या.)

---

किल्लीवाला

अडत्याभाऊ, बिघडलंय. पण फार नाही. मी पुण्यात तीस वर्षं टंकलेखन यंत्रं दुरुस्त केली, त्यात अशी पाच-सहा हाताखालून गेली. दांडा ओढणं आधी बंद करा आणि हे वाचा.

प्रत्येक रांगेच्या खाली आत एक कमानदार पट्टी असते, सेक्टर म्हणतात तिला. एका टोकाला दाते, दुसऱ्या टोकाला छापायचे खिळे, ० ते ९. छापखान्यातल्या खिळ्यांसारखेच, उलटी अक्षरं. तुम्ही ५ ची कळ दाबली की आत त्या पट्टीच्या वाटेत एक अडसर येतो. दांडा ओढला की पट्टी घसरते आणि अडसराला अडते. तेवढ्याने ५ चा खिळा कागदासमोर येऊन उभा राहतो.

आता गंमत. ज्या रांगेत कळ दाबलीच नाही, तिथली पट्टी अडकवून ठेवलेली असते, हलतच नाही. आणि न हललेल्या पट्टीचा कागदासमोरचा खिळा असतो शून्याचा. म्हणजे तुम्ही ५.०७ मांडलं तेव्हा कागदासमोर खरं तर 000000507 अशी नऊच्या नऊ अक्षरं उभी आहेत. खिळे नेहमीच नऊ तयार असतात. त्यातले किती वाजवायचे हा प्रश्न.

ते ठरवतात हातोड्या. प्रत्येक रांगेला खिळ्याच्या मागे एक चिमुकली हातोडी, तिला स्वतःची स्प्रिंग, आणि तिला रोखून धरणारा एक कुत्रा. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतो ना, तसलाच. पट्टी शून्यावरून हलली की तिचा कुत्रा सुटायला मोकळा होतो. आणि प्रत्येक कुत्र्याला उजव्या बाजूला एक ओठ काढलेला असतो, तो शेजाऱ्याच्या शेपटीवर टेकतो. एक उठला की उजवीकडचा उठतो, तो त्याच्या उजवीकडच्याला उठवतो, थेट शेवटपर्यंत. डावीकडे ओठ नाही, म्हणून डावीकडचे झोपलेले राहतात आणि पुढची फालतू शून्यं छापली जात नाहीत.

तुमच्या यंत्रात कुठेतरी एक ओठ शेजाऱ्याला उठवत नाहीये.

---

शंकेखोर

म्हणजे आमची चाळ. पहाटे नळाला पाणी आलं की पहिला उठणारा बादली आपटायचा आणि त्याच्या पुढच्या सगळ्या खोल्या जाग्या. जिन्याच्या अलीकडचे मात्र ढिम्म.

---

किल्लीवाला

@शंकेखोर, अगदी तसंच! आता हेच उदाहरण वापरणार.

---

मऊभात

किल्लीवाला काका, यावर वेगळा लेख हवा. वाचनखूण साठवली. तरी फोटो हवाच.

---

टिकमार्क

बँकेतून निवृत्त. १९७४ ला लागलो तेव्हा आमच्या शाखेत दांड्याचं नव्हे, विजेवरचं बेरजेचं मशीन होतं, पण जातकुळी तीच. लाल-काळी रिबन. जमा काळी, वजा लाल. टोटलच्या पुढे चांदणी यायची. कागदाची पट्टी फाडण्याआधी वरची पहिली रक्कम सुरू करताना यंत्र कोरं होतं ना, हे बघायची सवय आमच्या अधिकाऱ्याने अक्षरशः कान धरून लावली. कोणीतरी आधीची टोटल न काढताच उठून गेलेला असला की तुमच्या पट्टीत त्याचे तेराशे रुपये फुकट.

पण मला अडत्यांच्या यंत्रात दुसरीच भीती वाटते. शून्य न छापणं हा छापण्यातला दोष आहे, बेरीज चाकं करतात. म्हणजे आत ५.०७ बरोबर जमा होतंय आणि कागदावर ५ _ ७ दिसतंय. बेरीज खरी आणि कागद खोटा! आमच्याकडे असं मशीन असतं तर त्या शाखेत कोणी रात्री जेवायला घरी गेलं नसतं.

एक दिवस तेरीज (जमा-नावेचा ताळा) ६३ रुपयांनी जुळेना. ६३ ला ९ ने भाग जातो, म्हणजे कुठेतरी दोन अंक उलटे पडलेत, हे जुन्या लोकांना न सांगता कळायचं. पट्टी टेबलावर पसरली, एक जण व्हाउचर वाचतोय, दुसरा लाल पेन्सिलीने टिक मारतोय. साडेनऊला सापडलं. १८१ च्या जागी ११८ मारलं होतं. मारणारा मीच. पट्टी नसती तर सगळी व्हाउचरं परत मारत बसलो असतो, आणि दुसऱ्यांदा मी १८१ मारलं असतं तरी पहिल्यांदा काय चुकलं ते कळलंच नसतं.

---

दशमान

@टिकमार्क काका, योगायोग बघा. ५.७० उणे ५.०७ किती? ६३ पैसे.

---

टिकमार्क

अरे देवा. पेन्शन घेतली तरी ६३ पाठ सोडत नाही.

---

दशमान

थोडं अवांतर. छापणारं बेरीज-यंत्र म्हटलं की सगळे बरोजचं नाव घेतात, पण शिकागोच्या डॉर फेल्टला विसरू नका. त्याने १८८४-८५ च्या हिवाळ्यात मॅकरोनीच्या लाकडी खोक्यात पहिला नमुना बांधला. त्यातून कॉम्प्टोमीटर आला. तो छापत नसे, पण वेगात त्याला तोड नव्हती. दांडा नाही, कळ दाबली की लगेच बेरीज. मग त्याने छापणारा कॉम्प्टोग्राफ केला, त्याचं पेटंट जून १८८९ चं.

फेल्टच्या आधी ज्यांनी छापायचे प्रयत्न केले त्यांची अडचण मजेदार होती. सगळे खिळे एकाच दाबाने कागदावर टेकवायचे. रक्कम एक आकडी असली की सगळा दाब एकट्या खिळ्यावर, कागदाला भोक पडायची वेळ. सात आकडी असली की तोच दाब सात जणांत वाटला जाणार, मग अक्षरं पुसट. फेल्टने प्रत्येक खिळ्याचा ठोका स्वतंत्र केला. किल्लीवाला काकांनी सांगितलेली हातोडीची स्वतंत्र स्प्रिंग हे त्याच दुखण्याचं औषध.

---

सेंटलुईसकर

@दशमान, फेल्ट थोर, पण तारखा नीट मांडा की. बरोजची चार पेटंटं एकाच दिवशी मंजूर झाली, २१ ऑगस्ट १८८८. म्हणजे कॉम्प्टोग्राफच्या पेटंटाआधी दहा महिने. अर्ज १८८५ पासूनचे.

मी गेली अकरा वर्षं सेंट लुईसमध्ये आहे, त्यामुळे थोडा स्थानिक अभिमान चालवून घ्या. विल्यम बरोज न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्नमध्ये बँकेतला कारकून. टिकमार्क काकांसारखाच रोज फरक शोधत बसणारा. तब्येत बिघडली, इकडे आला, आणि १८८६ मध्ये चार लोकांनी मिळून अमेरिकन ॲरिथ्मोमीटर कंपनी काढली. पहिली पन्नासेक यंत्रं बाजारात गेली आणि परत आली. यंत्रं चांगली होती, माणसं वाईट! म्हणजे कोणी दांडा सावकाश ओढायचा, कोणी हिसका मारायचा, आणि हिसक्याने बेरीज चुकायची. बरोजच्या हातात बरोबर, गिऱ्हाइकाच्या हातात चूक.

यावर त्याने तेलाने भरलेलं एक नळकांडं बसवलं, आत दट्ट्या. दांडा ओढताना तुम्ही फक्त स्प्रिंगा ताणता. पुढचं काम स्प्रिंगा करतात, आणि किती वेगाने करायचं ते तेल ठरवतं. तुम्ही पैलवान असा नाहीतर पाप्याचं पितर, आतल्या यंत्राला फरकच कळत नाही. आपोआप बंद होणाऱ्या दारांवर जे असतं ना, त्यातलाच प्रकार.

गोष्ट अशीही सांगतात की त्याने ती पहिली यंत्रं एकेक करून खिडकीतून खाली फेकली. खरं-खोटं देव जाणे. अडत्यांनी दोघांनी मिळून उतरवलेलं धूड बघता खिडकी तळमजल्याची असो अशी प्रार्थना.

तो १८९८ मध्ये गेला, पैसा फारसा बघायला मिळाला नाही. बेलफाँटेन दफनभूमीत त्याची कबर आहे. त्याच नावाचा लेखक नातूही तिथेच आहे. कंपनी १९०४ मध्ये डेट्रॉइटला गेली आणि पुढच्या वर्षी बरोजचं नाव लावलं.

---

किल्लीवाला

@सेंटलुईसकर, यासाठीच म्हटलं दांडा ओढू नका. त्या नळकांड्यातलं तेल वाळलं किंवा गळलं असेल तर यंत्र खाडकन आपटतं आणि दात जातात. अडत्याभाऊ, दांडा सोडल्यावर मऊपणे परत येतो की धाडकन?

---

अडत्या

बापरे. मऊ येतो. शेवटच्या वितीत जरा दमतो, पण आपटत नाही.

---

किल्लीवाला

मग नशीबवान आहात.

---

वैतागवाडी

एवढा काथ्याकूट? त्या इंग्रज गणिती बॅबेजने हे सगळं आधीच करून ठेवलं होतं.

---

दशमान

@वैतागवाडी, करून नाही, काढून ठेवलं होतं, कागदावर. त्याच्या दुसऱ्या डिफरन्स इंजिनचा (गणिती सारण्या काढायच्या यंत्राचा) गणिताचा भाग लंडनच्या सायन्स म्युझियमने बांधला १९९१ मध्ये, आणि छापायचा भाग २००२ मध्ये.

पण मुद्दा चांगला काढलात. बॅबेजला छापण्याची एवढी आच का होती? त्या काळी गणिती सारण्या माणसं हाताने मोजायची, दुसरी माणसं नकलायची, जुळारी खिळे जुळवायचे. चूक तिन्ही ठिकाणी. यंत्राने बिनचूक आकडा काढला आणि जुळाऱ्याने ६ चा ९ केला तर काय उपयोग? म्हणून त्याचं यंत्र कागदावर तर उमटवतंच, शिवाय मऊ साच्यात आकडे ठसवतं, त्यावरून थेट छपाईचा पत्रा ओतता यावा म्हणून. स्वीडनच्या शॉइट्झ बापलेकांनी त्याच कल्पनेचं यंत्र १८५३ मध्ये खरोखर पुरं केलं, आणि ते अमेरिकेत ऑल्बनीच्या वेधशाळेने विकत घेतलं.

बॅबेजला छापखान्यातली चूक टाळायची होती, टिकमार्क काकांना स्वतःची चूक शोधायची होती. छापणं दोघांनाही हवं, पण कारणं उलटी.

---

टिकमार्क

'स्वतःची' शब्दाला आक्षेप. बाकी सहमत.

---

शंकेखोर

आणि ते भोकं पाडलेल्या कार्डांवरून मोजणारं, पंच कार्डवालं? होलेरिथ? तेही छापायचं ना?

---

दशमान

सुरुवातीला नाही. १८९० च्या अमेरिकी जनगणनेतल्या यंत्राला घड्याळासारख्या तबकड्या होत्या. काटा कुठे आला ते माणूस बघणार आणि वहीत लिहिणार. सगळी वीज, सगळी कार्डं, आणि शेवटी बोरूबहाद्दर! छापणाऱ्या टॅब्युलेटरमध्ये (कार्डं मोजणाऱ्या यंत्रात) जेम्स पॉवर्सने आघाडी घेतली, होलेरिथच्या कंपनीला (पुढे आयबीएम) मागाहून यावं लागलं.

मग मात्र तेही शिकले. आयबीएमच्या १९३४ च्या '४०५' या यंत्रात ८८ खिळेपट्ट्या होत्या, काही नुसत्या अंकांच्या, काही अक्षरांच्याही. आणि मूळ प्रश्नाशी जोडून सांगतो, त्यातही शून्याची हीच भानगड होती. शून्याखेरीजच्या पहिल्या अंकाच्या उजवीकडची शून्यं आपोआप यायची. पण एकाच ओळीत शेजारी दोन वेगळ्या रकमा असतील तर पहिल्या रकमेची शून्यांची रांग दुसरीच्या अंगणात घुसायची. ते रोखायला साखळी मध्येच तोडायचे छोटे खटके द्यावे लागले.

---

शंकेखोर

चाळीत मध्ये भिंत बांधली म्हणायची.

---

चकलीकाठ

आणे-पैचं काय? १९५७ च्या आधी रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. पैच्या रांगेत ११ कळा, आण्याला १५?

---

दशमान

ब्रिटिश पौंड-शिलिंग-पेन्सच्या यंत्रांना हाच त्रास होता. पेन्स ११ पर्यंत. त्यावर उपाय म्हणजे त्या रांगेत १० आणि ११ हे दोन्ही अंक एकाच रुंद खिळ्यावर कोरलेले, आणि चाक दहाऐवजी बारावर हातचा देणारं. शिलिंग १९ पर्यंत, म्हणून दहाच्या जागी फक्त १. अडत्यांचं यंत्र सरळ डॉलर-सेंटचं दिसतंय. १ एप्रिल १९५७ नंतर शंभर पैशांचा रुपया झाला होता, त्यामुळे मामांना ते आयतंच चाललं असणार.

---

अडत्या

मामांना वाचून दाखवलं. म्हणाले, "तेव्हा लोक सहा पैशांना एक आणा धरून भांडायचे, यंत्र कुणाचं ऐकायचं?"

किल्लीवाला काका, पुढे काय करू?

---

किल्लीवाला

आता निदान. उघडायच्या आधी कागदाच्या दोन पट्ट्या छापून काढा.

सगळ्यात डावीकडच्या रांगेत फक्त ५ दाबा, बाकी काही नाही. दांडा सावकाश. शून्यं जिथे थांबतील तिथे साखळी तुटलीय. मग वेगळं, ५.७० मारा. त्यात ७ ला उठायला शेजारी लागत नाही, त्याची स्वतःची पट्टी हललेली असते. ७० नीट आलं तर हातोडी चांगली आहे आणि दोष फक्त ओठाचा. ७ च आलं नाही तर हातोडीच अडकलीय.

आणि खोबरेल, रॉकेल, डब्लूडी काहीही आत मारू नका. विशेषतः खोबरेल. थंडीत गोठतं आणि मग शिव्या मेकॅनिकला.

---

वैतागवाडी

दहा की वाली यंत्रं आल्यावर हा सगळा पसारा संपला, नाही का? मग एवढं कौतुक कशाला?

---

दशमान

पसारा कळांचा संपला, हातोड्यांचा नाही. डाल्टन, सँडस्ट्रँड यांच्या दहा कळांच्या यंत्रात शून्याला स्वतःची कळ लागतेच, कारण जागा आपोआप सरकते. पण ५०७ नंतर पुढची शून्यं छापायची नाहीत हा प्रश्न तिथेही होताच. डावीकडचं शून्य लपवणं आजच्या कॅल्क्युलेटरलाही करावं लागतं.

आणि गंमत म्हणजे पॉवर्स आणि डाल्टन या दोन्ही कंपन्या रेमिंग्टन रँडने गिळल्या, ती पुढे स्पेरी कंपनीत गेली, आणि १९८६ मध्ये बरोज आणि स्पेरी एकत्र येऊन युनिसिस झाली. एकमेकांच्या नावाने बोटं मोडणारे सगळे एका घरात.

---

टिकमार्क

आपल्याकडे टाटा बरोज होती की. मुंबईच्या सीप्झ निर्यात वसाहतीत. माझा मेहुणा तिथे लागला तेव्हा सासरेबुवा चार लोकांत सांगायचे, "बेरजेच्या मशीनच्या कंपनीत आहे." तो बिचारा सॉफ्टवेअर लिहायचा. पुढे टाटा युनिसिस, मग टाटा इन्फोटेक, मग टीसीएस. खुर्ची तीच, पाटी बदलत गेली.

---

अडत्या

निकाल आला!

पहिली पट्टी: 5,000,000 आणि पुढे पैशांच्या जागी कोरं. म्हणजे ५ आणि सहा शून्यं, मग शेवटच्या दोन रांगा गप्प. दुसरी पट्टी: 5.70, एकदम सुबक.

म्हणजे सातव्याने आठव्याला उठवलं नाही, बरोबर? ३.०० चं नुसतं ३ का येतं तेही कळलं. आठवा उठला नाही म्हणून नववाही नाही.

---

किल्लीवाला

शाब्बास. सातवा आणि आठवा यांच्या मध्ये बघा. मागचं झाकण काढा, स्क्रू वाटीत ठेवा, आणि बॅटरीने हातोड्यांच्या बुडाशी बघा. ओठ वाकलेला असेल किंवा मध्ये काही अडकलं असेल. पक्कड लावू नका. आधी बघा आणि सांगा.

---

मऊभात

आता मात्र फोटो नाही टाकलात तर मीच सांगलीला येईन.

---

अडत्या

दोन तास झाले. हातांना अजून वास येतोय.

वाकलेलं काही नव्हतं. सातव्या कुत्र्याचा ओठ आणि आठव्याची शेपटी यांच्या मध्ये कागदाचा एक तुकडा गच्च बसला होता, नखाएवढा, घडी पडलेला, आणि भोवती हळदीची भुकटी घट्ट चिकटून पार लेप झालेला. ओठ खाली यायचा तो त्या कागदावर टेकायचा, शेपटी हलायचीच नाही. दात कोरायच्या काडीने आणि रंगाच्या बारीक ब्रशने अर्धा तास खरवडलं. तुकडा सुटला तेव्हा त्यावर अर्धवट आकडे दिसले, 48 आणि त्याच्या खाली एका अंकाचं डोकं, ३ किंवा ८. कधीतरी कोणीतरी पट्टी हिसका मारून फाडली असणार.

मामांना दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "हे माझं नव्हे. मी पट्टी कात्रीने कापायचो." मामी आतून म्हणाल्या, "कात्री माझी शिवणाची असायची."

झाकण न लावताच ५.०७ मारलं. हातोड्या बघत होतो. तिन्ही एकदम उठल्या, टक असा एकच आवाज आला. 5.07.

मग ३.००. मग नुसतं १ पैसा, तर फक्त 1 आलं, डावीकडे कोणी हललं नाही. मग टोटल. काकांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे आधी एकदा रिकामा दांडा, मग टोटलची कळ धरून. 8.08.

फोटो संध्याकाळी, पोरगा आला की.

---

टिकमार्क

५.०७ + ३.०० + ०.०१ = ८.०८. टिक.

---

किल्लीवाला

झाकण लावताना डावीकडचा स्क्रू आखूड असतो, अदलाबदल करू नका. आणि रिबनची रुंदी मोजून कळवा, माझ्याकडे दोन-तीन जुनी रिळं पडली आहेत.